मदत हवी आहे: वाचनालयाच्या संगणकांची लॉगिन स्क्रीन नीट लावायची आहे (लिनक्स मिंट, लाइटडीएम)

ग्रंथसेवक

नमस्कार मंडळी,

वाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला पाच जुने डेस्कटॉप देणगीत मिळाले. त्यांच्यावर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मशिनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ चढत नाही. म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई आवृत्ती टाकली आहे. रॅम चार जीबी, हार्डडिस्क जुनीच, तरी ब्राउझर, लिबरऑफिस, पीडीएफ एवढं काम छान होतं.

अडलंय ते लॉगिन स्क्रीनवर (ती चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे लाइटडीएम), आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. इथे बसणारे लोक कोण ते सांगतो, म्हणजे कळेल. सकाळी पोलीस भरती आणि एमपीएससीची मुलं. दुपारी सातबारा काढायला, अर्ज भरायला आलेले शेतकरी. आमच्या भागात फौजी पुष्कळ, त्यामुळे पेन्शनसाठी स्पर्श पोर्टल उघडायला निवृत्त जवान आणि वीरपत्नीही येतात. यातल्या बऱ्याच जणांना संगणक सुरू झाल्यावर समोर इंग्रजी चौकट दिसली की तिथेच हात थांबतो.

सध्या 'वाचक' नावाचं एकच खातं आहे. पासवर्ड नाही, नावावर क्लिक केलं की आत. सोपं आहे, पण सगळ्यांच्या फाइली एकाच डाउनलोड फोल्डरात साठतात. परवा एक मुलगी आपलं प्रवेशपत्र शोधत होती. तिला त्या फोल्डरात दुसऱ्या कुणाचं आधार कार्ड, तिसऱ्याच्या पासबुकाचं पहिलं पान आणि एका सुभेदारसाहेबांची पेन्शन स्लिप एकाखाली एक दिसली. तिने लगेच उठून मला सांगितलं म्हणून बरं. मी फोल्डर रिकामा केला, पण हे काम रोज कुणाच्या लक्षावर सोडायचं नाही असं मला वाटतं. माणूस उठून गेला की त्याचे कागद मशिनमधून गेलेच पाहिजेत.

तर मला हवंय असं: स्क्रीनवर एकच मोठं नाव दिसावं, क्लिक केलं की वाचक आत जावा, आणि लॉगआउट झाल्यावर त्याचं काहीही मागे राहू नये. माझं ॲडमिन खातं यादीत दिसू नये, कारण मुलं कुतूहलाने त्यावर पासवर्ड टाकून बघतात. शक्य तेवढा मजकूर मराठीत यावा. आणि पाठीमागे कृष्णेच्या घाटाचा फोटो, त्यावर 'काम झाल्यावर लॉगआउट करा' ही सूचना. फोटो लावून पाहिला, पण लॉगिनला नुसती काळी स्क्रीन येते. तोच फोटो डेस्कटॉपला व्यवस्थित लागतो.

शिवाय दोन मशिनवर एक वेगळीच अडचण आहे. तिथे माझा पासवर्ड लॉगिन स्क्रीनवर चालतच नाही. पासवर्ड बरोबर आहे याची खात्री आहे, कारण बाकीच्या तीन मशिनवर तोच चालतो.

कुणी असं लावलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात तरी चालेल, मशिनवर मी इंग्रजी स्पेलिंगने टाइप करेन.

मंगळवारपेठ

दादा, उपक्रम फार चांगला आहे. सूचनेपुरतं सांगतो. लॉगिन स्क्रीनवर मजकूर दाखवायची सोय आहे. डीकॉन्फमध्ये (सेटिंग साठवायची जागा) 'बॅनर-मेसेज-एनेबल' ट्रू करायचं आणि 'बॅनर-मेसेज-टेक्स्ट'मध्ये मराठी वाक्य लिहायचं. 'डिसेबल-युजर-लिस्ट' ट्रू केलं की नावांची यादीही जाते. आमच्या ऑफिसात उबुंटूवर हेच केलं आहे.

मिरज_तंबोरा

मंगळवारपेठ यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण ते जीडीएमसाठी. ग्नोम डेस्कटॉपबरोबर जी लॉगिन स्क्रीन येते ती जीडीएम. मिंटमध्ये लाइटडीएम असतं आणि त्याच्यापुढे जो चेहरा दिसतो तो स्लिक ग्रीटर. केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांकडे बहुधा एसडीडीएम सापडेल. तिघांच्या सेटिंगच्या फाइली वेगळ्या, त्यामुळे एकाची कृती दुसऱ्याला लागत नाही. नेटवर शोधताना लोकांचा निम्मा वेळ इथेच जातो.

ग्रंथसेवक, आधी त्या दोन मशिनचं बघू. लॉगिन स्क्रीनवर जिथे नाव टाइप करता येतं तिथे तुमच्या ॲडमिन खात्याचं नाव टाका आणि काय उमटतं ते इथे लिहा. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, तिथे काहीच कळत नाही. नावाच्या जागी कळतं.

ग्रंथसेवक

सर, ॲडमिन खात्याचं नाव 'वाचन' आहे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. ते टाइप केल्यावर स्क्रीनवर 'नोमपोल' असं उमटलं!

मिरज_तंबोरा

मग दुखणं सापडलं. तुमचा कीबोर्ड लॉगिन स्क्रीनवरच मराठी इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत आहे. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी व्हीच्या जागी न, एच्या जागी ओकाराची मात्रा, सीला म, एचला प, एनला ल. व्ही-ए-सी-एच-ए-एन दाबलं की बरोबर 'नोमपोल' होतं. पासवर्डचंही तेच होतंय, फक्त ठिपक्यांमागे.

आता यामागची गोष्ट. मराठी टाइप करायचे दोन रस्ते आहेत. आयबस किंवा एफसिटिक्स हे टायपिंगचे प्रोग्रॅम आत गेल्यावर, त्या त्या खात्यापुरते सुरू होतात. लॉगिन स्क्रीनवर त्यांचा संबंध नसतो. दुसरा रस्ता म्हणजे सिस्टिमचा कीबोर्ड लेआउट. तो 'इटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड' या फाइलीत असतो आणि लॉगिन स्क्रीन तोच उचलते. तुमच्या त्या दोन मशिनवर या फाइलीत मराठीच लिहिलेलं असणार, आणि इंग्रजीवर जायची कळ दिलेली नसणार.

आत शिरायचं कसं? 'वाचक' खातं बिनपासवर्डचं आहे ना, त्यातून जा. आत गेल्यावर कीबोर्ड सेटिंगमधून इंग्रजी लावून घ्या. मग टर्मिनल उघडून 'एसयू', मोकळी जागा, डॅश, मोकळी जागा, आणि ॲडमिन खात्याचं नाव. आता पासवर्ड चालेल. 'वाचक'ला सुडोचा (म्हणजे ॲडमिन म्हणून कमांड चालवायचा) अधिकार नसला तरी इथून तुम्ही ॲडमिन होता. मग सुडोने नॅनो किंवा जो एडिटर सवयीचा असेल त्यात ती फाइल उघडा आणि त्यातल्या ओळी इथे टाका.

ग्रंथसेवक

आत गेलो. त्यात 'एक्सकेबीलेआउट'समोर 'इन' आहे, 'एक्सकेबीव्हेरिएंट'समोर 'मराठी', आणि 'एक्सकेबीऑप्शन्स'समोर रिकामं अवतरण.

मिरज_तंबोरा

असं करा. लेआउटच्या अवतरणात 'यूएस,इन' लिहा. क्रम महत्त्वाचा, पहिलं जे असेल त्यानेच स्क्रीन सुरू होते. व्हेरिएंटच्या अवतरणात ',मराठी' लिहा, म्हणजे आधी स्वल्पविराम आणि मग शब्द. तो स्वल्पविराम राहिला तर 'मराठी' हा प्रकार यूएसला लावायचा प्रयत्न होतो, तसा प्रकार तिथे नाहीच, आणि कीबोर्डचा घोटाळा होतो. स्वल्पविरामाच्या आधीची रिकामी जागा म्हणजे 'यूएस साधाच ठेवा'. ऑप्शन्समध्ये 'जीआरपी', विसर्गासारखे दोन ठिपके, मग 'ऑल्ट_शिफ्ट_टॉगल'. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलेल.

फाइलीला हात लावायचा नसेल तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन' ही कमांड एकेक प्रश्न विचारत तेच काम करते. नंतर मशिन रीस्टार्ट करा. लाइटडीएम एकटं रीस्टार्ट करता येतं, पण त्या क्षणी आत बसलेल्याचं सगळं बंद पडतं, तेव्हा कुणी अर्ज भरत असेल तर ते करू नका.

कराडची लेक

कीबोर्ड मार्गी लागतोय, मी कागदांबद्दल लिहिते. ग्रंथसेवक दादा, तुम्ही ज्या गोष्टीवर बोट ठेवलंय ती फार गांभीर्याने घ्यायला हवी. आमच्याकडे एका अभ्यासिकेत मी हेच पाहिलंय. आधारचं पान असं उघड्यावर राहणं म्हणजे त्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने काहीही करायला मोकळीक.

तुम्हाला हवं ते लाइटडीएममध्ये आहे. त्याला गेस्ट सेशन म्हणतात. मेनूमध्ये 'लॉगिन विंडो' म्हणून सेटिंग आहे, त्यातल्या युजर्स टॅबमध्ये गेस्ट सेशनला परवानगी द्यायचं बटण आहे. ते मुद्दाम चालू करावं लागतं. ते केलं की यादीत पाहुण्याचं नाव येतं, पासवर्ड लागत नाही, आणि लॉगआउट झालं की त्याचा पूर्ण होम फोल्डर जातो. डाउनलोड, ब्राउझरची हिस्टरी, सेव्ह झालेले पासवर्ड, सगळं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगून ठेवा. पाहुण्याचा तो फोल्डर हार्डडिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो. म्हणून वीज गेली की त्यातलं जातं. वाईच्या पश्चिमेला पावसाळ्यात लाइटीची काय स्थिती असते ते तुम्हाला मी सांगायला नको. मोठा अर्ज भरणाऱ्याने मधेमधे पेनड्राइव्हवर सेव्ह करावं. आणि रॅम चार जीबीच असल्यामुळे कुणी मोठे व्हिडिओ डाउनलोड करायला लागलं तर मशिन गुदमरेल.

दुसरं, तुमच्या ॲडमिनचा होम फोल्डर बंद करा. २०१७ मध्ये लाइटडीएमच्या गेस्ट सेशनमधली एक त्रुटी उघडकीला आली होती. उबुंटू १६.१० आणि १७ च्या आवृत्त्यांत पाहुण्यावरची बंधनं लागूच होत नव्हती आणि त्याला दुसऱ्यांचे होम फोल्डर बघता येत होते. उबुंटूने तेव्हा ही सोय बंदच ठेवली. म्हणून त्या बंधनांवर विसंबू नका. फोल्डरची परवानगी 'सीएचमॉड ७००' करा, म्हणजे मालकाशिवाय कुणालाच आत डोकावता येणार नाही. वाचनालयाची सभासद यादी, वर्गणीचा हिशेब तुम्ही त्याच खात्यात ठेवत असाल तर हे आजच करा.

मंगळवारपेठ

ताई, मग सरळ ऑटोलॉगिनच का नको? बटण दाबलं की थेट आत. आजोबांना तेवढंच सोपं.

कराडची लेक

'वाचक'ला ऑटोलॉगिन दिलं तर कागद साठण्याचा प्रश्न जिथल्या तिथे. 'ऑटोलॉगिन-गेस्ट' असाही पर्याय लाइटडीएममध्ये आहे, त्याने थेट पाहुणा म्हणून आत जाता येतं. पण मग लॉगिन स्क्रीन दिसतच नाही, आणि दादांना जी सूचना लोकांनी वाचायला हवी आहे ती कुणी वाचणार नाही. आधीच्या माणसाने लॉगआउट केलंय का, हे पुढच्याला त्या स्क्रीनवरूनच कळतं. एक क्लिक जास्त लागला तरी मी ती स्क्रीन ठेवेन.

मिरज_तंबोरा

ताईंशी सहमत. आता ॲडमिन लपवायचं आणि फोटोचं.

लाइटडीएममध्ये 'ग्रीटर-हाइड-यूजर्स' आहे, पण ते वापरू नका. त्याने सगळीच नावं जातात, आणि मग आजोबांना नाव टाइप करावं लागेल. तुम्हाला फक्त एकच खातं लपवायचंय. 'वार/लिब/अकाउंट्ससर्व्हिस/यूजर्स' या फोल्डरात प्रत्येक खात्याच्या नावाची फाइल असते. तुमच्या ॲडमिनच्या फाइलीत 'यूजर' या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली 'सिस्टिमअकाउंट=ट्रू' करा. रीस्टार्टनंतर ते नाव यादीतून जाईल, खातं मात्र शाबूत राहील. जुनं 'वाचक' खातं आता नको असेल तर त्यातले कागद पाहून ते काढूनच टाका.

मग तुम्ही कसे आत जाणार? 'इटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम.कॉन्फ.डी' या फोल्डरात नवी फाइल करा. नाव काहीही चालेल, पण शेवट 'डॉट कॉन्फ'ने व्हायला हवा, नाहीतर ती वाचलीच जात नाही. पहिली ओळ चौकटी कंसात 'सीट:*', दुसरी 'ग्रीटर-शो-मॅन्युअल-लॉगिन=ट्रू'. यामुळे यादीत नाव टाइप करायची एक जागा येते. नाव दिसत असल्यामुळे कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे तेही तिथेच कळतं. स्वतःची वेगळी फाइल केली की पाचही मशिनवर पेनड्राइव्हने तीच टाकता येते. एक लक्षात ठेवा, मुख्य 'लाइटडीएम.कॉन्फ' सर्वात शेवटी वाचली जाते. तिच्यात उलट काही लिहिलं असेल तर तुमच्या फाइलीचा उपयोग नाही. 'लाइटडीएम --शो-कॉन्फिग' दिलं की कोणती ओळ कुठून आली ते दिसतं.

फोटो: तो तुमच्या पिक्चर्स फोल्डरात असणार. लॉगिन स्क्रीन ही तुमच्या खात्यातून चालत नाही. ती 'लाइटडीएम' नावाच्या वेगळ्या युजरखाली चालते, आणि त्याला तुमच्या होम फोल्डरात प्रवेश नाही. डेस्कटॉपवर मात्र तुम्ही स्वतः आत असता, म्हणून तिथे तोच फोटो दिसतो. आता ताई सांगतात तसं ७०० केल्यावर तर मुळीच दिसणार नाही. फोटो 'यूएसआर/शेअर/बॅकग्राउंड्स'मध्ये कॉपी करा, सगळ्यांना वाचता येईल अशी परवानगी द्या, आणि लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये तिथून निवडा. त्याच पानावर युजरचा स्वतःचा वॉलपेपर दाखवायचा पर्याय असतो, तो बंद करा.

सूचनेसाठी स्लिक ग्रीटरमध्ये जीडीएमसारखा बॅनर नाही. सोपा उपाय म्हणजे सूचना फोटोवरच लिहायची. गिंपमध्ये किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये मोठ्या ठळक अक्षरात लिहून चित्र म्हणून सेव्ह करा. यात फाँट असण्या-नसण्याचाही प्रश्न येत नाही. मात्र मॉनिटर जुने असतील तर काही रुंद, काही चौकोनी असतील, आणि कडेचा भाग कापला जाऊ शकतो. अक्षरं कडेपासून आत ठेवा आणि लॉगिनची चौकट जिथे येते ती जागा मोकळी सोडा.

कराडची लेक

मराठीबद्दल एवढंच. 'लँग्वेजेस' सेटिंगमध्ये मराठी निवडून 'सिस्टिमभर लागू करा' दाबलं की लॉगिन स्क्रीनही ती भाषा घेते. जेवढं भाषांतर झालेलं आहे तेवढंच मराठीत दिसेल, बाकीचं इंग्रजी राहील. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फाँट नाही असं समजा. नोटो किंवा लोहित देवनागरी टाका. आणि तुम्ही कधी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून काळ्या टर्मिनलवर गेलात तर तिथे देवनागरी दिसत नाही, नुसता कचरा दिसतो. तिथे आधी 'एक्सपोर्ट लँग=सी' द्या म्हणजे संदेश इंग्रजीत येतील.

ग्रंथसेवक

मंडळी, मनापासून आभार. दोन दिवस संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर बसून चार मशिन पूर्ण केली.

कीबोर्ड सरांनी सांगितलं तसाच निघाला. स्वल्पविरामासकट लिहिलं, आता नावाच्या जागी सरळ 'वाचन' इंग्रजीत उमटतं आणि पासवर्ड चालतो. ॲडमिन यादीतून गेलं. घाटाचा फोटो बॅकग्राउंड्समध्ये टाकल्यावर लगेच दिसला. ढोल्या गणपतीचं शिखर डाव्या बाजूला ठेवून उजवीकडे पाण्याच्या भागावर लिहिलंय: 'काम झाल्यावर लॉगआउट करा. तुमचे कागद आपोआप पुसले जातील. हवे ते आधी पेनड्राइव्हवर घ्या.' वीज जाण्याचंही लिहिणार होतो, पण मजकूर फार झाला. ते टेबलावर चिकटवलंय.

गेस्टची चाचणी घेतली. पाहुणा म्हणून गेलो, एक पीडीएफ डाउनलोड केली, ब्राउझरमध्ये दोन साइट उघडल्या, लॉगआउट केलं. पुन्हा गेलो तर फोल्डर कोरा, हिस्टरी कोरी. सुभेदारसाहेब आले तेव्हा त्यांना समोर बसवून हेच करून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने परत एकदा करून पाहिलं आणि मगच स्पर्श उघडलं. त्यांचा भरवसा परत आला याचं मला फार समाधान आहे.

पाचव्या मशिनचा मॉनिटर १२८० बाय १०२४ चा, चौकोनी आहे. तिथे सूचनेची शेवटची दोन अक्षरं कापली जातात, त्यासाठी वेगळा फोटो करतोय.

एक नवा प्रश्न. पाहुणा दर वेळी कोरा असल्यामुळे सोयीच्या गोष्टीही जातात. डेस्कटॉपवर महाभूमी, महाडीबीटी आणि स्पर्शचे शॉर्टकट ठेवले होते, ते उरत नाहीत. ते प्रत्येक पाहुण्याला आयते मिळतील असं करता येतं का?

मिरज_तंबोरा

येतं. 'इटीसी/गेस्ट-सेशन/स्केल' नावाचा फोल्डर सुडोने तयार करा. स्केल म्हणजे इंग्रजी एस-के-ई-एल. त्यात जे ठेवाल ते प्रत्येक नव्या पाहुण्याच्या होम फोल्डरात कॉपी होतं. त्यात 'डेस्कटॉप' फोल्डर करून शॉर्टकटच्या फाइली टाका. आधी भाषा मराठी करून पाहुणा म्हणून एकदा आत जा आणि त्याच्या डेस्कटॉप फोल्डरचं नाव इंग्रजीच आहे की मराठीत झालंय ते बघा. जे असेल तेच नाव स्केलमध्ये वापरा, नाहीतर शॉर्टकट भलत्याच फोल्डरात जाऊन बसतील. पॅनलची, कीबोर्डची सेटिंगही 'डॉट कॉन्फिग' फोल्डरातून अशीच देता येतात.

फक्त ब्राउझरचं प्रोफाइल तुमच्या खात्यातून उचलून तिथे टाकू नका. त्यात तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन असतात, ते प्रत्येक पाहुण्याच्या हाती जातील. बुकमार्क द्यायचे असतील तर कोऱ्या पाहुण्यात ब्राउझर उघडा, फक्त बुकमार्क करा, कुठेही लॉगिन न करता ब्राउझर बंद करा, आणि लॉगआउट करायच्या आधी ते प्रोफाइल पेनड्राइव्हवर घेऊन ॲडमिनमधून स्केलमध्ये टाका.

ग्रंथसेवक

शॉर्टकट आले. भाषा मराठी केल्यावर फोल्डरचं नाव खरोखरच बदललं होतं, तेच नाव दिलं. बुकमार्कचं रविवारी बघतो, तेव्हा मुलांची गर्दी कमी असते.